समाधानाचे मोजमाप आणि शालेय समुपदेशन

शालेय मार्गदर्शन व समुपदेशन यांवरील प्रबंधांत एक पद्धती रूढ होऊन बसली आहे. समुपदेशन-सेवेने आपले कितपत समाधान झाले, हे विद्यार्थ्याने पाच पायऱ्यांच्या श्रेणीवर नोंदवावयाचे. अभ्यासकाने त्याची सरासरी काढावयाची. आणि ती मध्याच्या वर आली की सेवा परिणामकारक ठरवावयाची. आक्षेप आहे तो या अखेरच्या निष्कर्षावर.

अशा प्रश्नावल्यांत उत्तरे श्रेणीच्या वरच्या टोकाकडे गोळा होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आपल्याकडे तर पुष्कळदा शिक्षकच समुपदेशक असतो आणि प्रश्नावली त्याच्याच देखत भरली जाते. तेथे 'असमाधानी' या शब्दापुढे खूण करण्याचे धैर्य पंधरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे व्यर्थ होय. शिवाय समुपदेशकाची पायरी जो कधी चढलाच नाही, त्याचे मत या सरासरीत येत नाही. आणि सेवेची गरज कदाचित त्यालाच अधिक असते.

फ्रँक पार्सन्स यांच्या १९०९ मधील ग्रंथात व्यवसायनिवडीसाठी स्वतःची यथार्थ ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा तर्कशुद्ध मेळ, या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. पहिली गोष्ट सुखद असेलच असे नाही. गणितात कच्च्या असलेल्या, पण अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलाला समुपदेशकाने खरे सांगितले, तर तो त्या दिवशी नाराजच होऊन जाईल. म्हणून ते समुपदेशन फसले काय?

या दृष्टीने जॉन रॉथनी यांचे विस्कॉन्सिनमधील अन्वेषण (१९५८) अजूनही वाचण्याजोगे आहे. चार माध्यमिक शाळांतील ८७० विद्यार्थ्यांचे त्यांनी दोन गट पाडले, एकाच गटाला समुपदेशन दिले आणि शाळा सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत दोहोंचा मागोवा घेतला. समुपदेशित गट काहीसा सरस आढळला. फरक मात्र लहान होते. समाधानाची विचारणा तेथेही झाली, परंतु ती अनेक कसोट्यांपैकी एक होती. एवढा धीर पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत बसत नाही, हे खरे. निदान दुसरा गट तरी घेता येतो.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. ललित कलेकडे कल निघालेल्या ग्रामीण मुलीला तो अहवाल पटला असेल, आवडलाही असेल. पण तालुक्याच्या महाविद्यालयात ती शाखाच नसेल, तर पुढे तिने काय केले, हे समाधानाच्या प्रश्नावलीत विचारलेले नसते.