भुताची सीट

आम्हां नाशिककरांना मारधाडीचे चित्रपट निवांत बघता येत नाहीत. २००२ साली निघालेली स्कॉर्पिओ आमच्या सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातली! रोहित शेट्टीच्या पडद्यावर ती कोलांटी मारते तेव्हा पब्लिक शिट्ट्या वाजवतं आणि शेजारच्या खुर्चीतला सातपूरकर हळहळतो, "अरेरे, बॉनेट गेलं!"

भयपटांची तऱ्हा उलटी. रामसे बंधूंच्या काळापासून गाडी बंद पडायची ती पडक्या हवेलीसमोरच, तीही पावसात. आता तुम्हीच सांगा, चौदा माणसं आणि दोन कोंबड्या कोंबून त्र्यंबकला पळणारी काळी-पिवळी जीप भुताला भिऊन थांबेल? ड्रायव्हर उलट भुतालाच म्हणेल, "सरका की जरा आत!" आणि पंधरावी सीट भरेल.

पडदा जीपला एकतर उडवतो, नाहीतर बंद पाडतो. चालवत नाही. भर पावसाळ्यात, रात्री, सुरगाण्याकडच्या चिखलातून अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणारी जीप मी तरी कुठल्या थरारपटात बघितलेली नाही. पहिला गियर, घाटाचं वळण, आणि मागे बसलेली सासू एका दमात सांगते, "भाऊ, हळू!" अन् लगेच, "भाऊ, लवकर!"