कूपन खाजगीकरण आणि कंपन्यांची कामगिरी : चेक अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना : समाजवादी व्यवस्थेतून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या देशांच्या संदर्भात ‘खाजगीकरणाने कंपन्यांची कार्यक्षमता वाढते काय?’ हा प्रश्न अर्थशास्त्रात वारंवार चर्चिला गेला. चेक प्रजासत्ताकाचा अनुभव पाहता प्रश्नाची ही मांडणीच अपुरी ठरते. मालकी कोणाच्या हाती गेली आणि त्या हातांवर कायद्याचा अंकुश किती होता, हे तेथे अधिक निर्णायक ठरले.

योजनेचे स्वरूप : कूपन खाजगीकरणाची पहिली फेरी १९९२ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात झाली. प्रौढ नागरिकाने सुमारे एक हजार क्राऊन भरून १,००० गुणांची पुस्तिका घ्यावयाची व त्या गुणांच्या मोबदल्यात सरकारी कंपन्यांचे शेअर्स मिळवावयाचे, अशी ही योजना होती. सुमारे ८५ लाख नागरिक तीत सहभागी झाले. देशाच्या विभाजनानंतर चेक प्रजासत्ताकात १९९३-९४ मध्ये दुसरी फेरी पार पडली.

मालकी जनतेत विखुरली जाईल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. पहिल्या फेरीतील सुमारे ७० टक्के गुण नागरिकांनी गुंतवणूक निधींकडे सोपविले. अनेक मोठे निधी बँकांनी स्थापन केलेले होते आणि प्रमुख बँकांत सरकारचा मोठा हिस्सा कायम होता. परिणामी एकच बँक कंपनीची धनको आणि अप्रत्यक्ष मालकही बनली. कर्जबाजारी कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई करण्यापेक्षा तिला नवे कर्ज देणे अशा बँकेस सोयीचे होते.

संशोधनाची मर्यादा : क्लासेन्स व जॅन्कोव्ह यांनी १९९९ मध्ये ७०६ चेक कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकी जेथे अधिक केंद्रित, तेथे नफा व श्रम-उत्पादकता अधिक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एस्ट्रिन, हानौसेक, कोचेंडा व श्वेनार यांच्या २००९ मधील विस्तृत आढाव्यात परकीय मालकीचा परिणाम देशी खाजगी मालकीपेक्षा अधिक अनुकूल आढळतो.

या निष्कर्षांकडे पाहताना दोन अडचणी उद्भवतात. पहिली निवडीची. परकीय गुंतवणूकदार मुळातच सुस्थितीतील कंपन्या निवडत असतील, तर पुढील यशाचे श्रेय मालकीला किती व मूळ स्थितीला किती, हे वेगळे करणे कठीण होते. दुसरी अडचण मोजमापाची असून ती अधिक मूलगामी आहे. नियंत्रक मालकाने कंपनीची मालमत्ता व नफा गुपचूप स्वतःच्या अन्य कंपनीकडे वळविण्यास चेक भाषेत ‘बोगदा खणणे’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. असे घडते तेथे हिशेबातील घटलेला नफा कारखान्याची अकार्यक्षमता दर्शवितो की भागधारकांची लूट, हे ताळेबंदावरून कळत नाही. ज्या मापाने कामगिरी मोजावयाची, ते मापच मालकाच्या हाती असते.

निष्कर्ष : १९९७ च्या चलनसंकटानंतर या योजनेविषयीचा उत्साह ओसरला. १९९९ ते २००१ या काळात प्रमुख बँका परकीय बँकांना विकण्यात आल्या. त्यांच्या बुडीत कर्जांचा मोठा भार सरकारने, म्हणजेच पर्यायाने करदात्यांनी उचलला. पुस्तिका घेऊन मालक होऊ पाहणारा नागरिकच अखेरीस तोट्याचा वाटेकरी झाला. हा तोटा कोणत्याही एका कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणून खाजगीकरणाचे मूल्यमापन कंपनीच्या नफ्यापाशी न थांबता बँका, न्यायव्यवस्था व लहान भागधारकांचे संरक्षण यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.