रोजनिशीतला मित्र : मुक्तिबोधांच्या आत्मपर गद्याविषयी

रोजनिशी ही खाजगी लेखनाची जागा मानली जाते. दिवसाचे व्यवहार आटोपून माणूस वहीसमोर बसतो तेव्हा तेथे दुसरे कोणी नसते, अशी आपली समजूत असते. पण हीच रोजनिशी लेखक स्वतःहून नियतकालिकात छापावयास देऊ लागला, तर तिचे स्वरूप काय होते? ती रोजनिशी राहते, की तिचा निबंध होतो? तिच्यातील प्रामाणिकपणा वाचकाच्या नजरेखाली टिकतो, की त्याचे प्रदर्शन होते? आणि ती वाचणाऱ्याशी लेखकाचे जे नाते जुळते, त्याला काय म्हणावे? स्वतःविषयी नित्य लिहिण्याच्या आनंदाचा विचार करताना हे प्रश्न टाळता येत नाहीत. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी पुस्तकाच्या आधारे त्यांचा येथे विचार करावयाचा आहे. मुक्तिबोधांची कीर्ती प्रामुख्याने त्यांच्या दीर्घ कवितांवर उभी आहे. परंतु त्या कवितांमागचा माणूस बोलताना ऐकावयाचा असेल, तर या छोट्या गद्यग्रंथाकडेच वळावे लागते.

मराठी वाचकाला या पुस्तकाशी जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहिते झाले. ‘नवी मळवाट’ (१९४९) हा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’ (१९५४) ही कादंबरी यांच्या या लेखकाला पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा दोन भाषांत गेल्या. थोरले बंधू १९४८ मध्ये नागपुरास आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होती. आकाशवाणी, ‘नया खून’ हे साप्ताहिक, पुन्हा परीक्षा देऊन १९५४ मध्ये मिळवलेली एम. ए. ची पदवी, असा त्यांचा नागपूरचा काळ ओढगस्तीत गेला. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा कोठे घराला थोडे स्थैर्य आले.

राजनांदगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्गच्या पश्चिमेस तीसेक किलोमीटरवर आहे. दुर्गला लागूनच भिलाई. तेथे १९५९ च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि उतईसारख्या भातशेतीच्या गावांच्या शेजारी पाहता पाहता नवे औद्योगिक नगर उभे राहिले. देशाच्या नानाविध प्रांतांतून तेथे माणसे आली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. नव्या भारताच्या उभारणीची भाषा या परिसरात अशी मोठ्या आवाजात बोलली जात असताना, जवळच्याच एका गावी जुन्या राजवाड्यातील महाविद्यालयाच्या आवारात, तळ्याच्या काठी, एक अध्यापक दोन माणसांच्या खोलीतल्या गप्पा कागदावर उतरवीत होता, हे चित्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘एक साहित्यिक की डायरी’ हे मुळात एका सदराचे नाव. हरिशंकर परसाई जबलपूरहून ‘वसुधा’ हे मासिक काढीत असत. त्यात नागपूरच्या अखेरच्या आणि राजनांदगावच्या आरंभीच्या काळात मुक्तिबोधांनी हे सदर लिहिले. नाव डायरी असले तरी यात तारखांची नोंद नाही, दिनक्रम नाही, भेटीगाठींची यादी नाही. लेखक फिरावयास निघतो, रस्त्यात कोणी भेटतो, चहाच्या निमित्ताने बोलणे निघते, आणि पाहता पाहता ते बोलणे कवितेच्या निर्मितिप्रक्रियेपर्यंत किंवा मध्यमवर्गीय माणसाच्या नैतिक कोंडीपर्यंत जाऊन पोहोचते. लेखांची शीर्षकेच पाहा : ‘सड़क को लेकर एक बातचीत’, ‘एक मित्र की पत्नी का प्रश्नचिह्न’, ‘वीरकर’. यातील शेवटचे तर उघडच मराठी आडनाव. प्रबंधाचा भारदस्तपणा टाळून विचार करण्याची मोकळीक या सदराने लेखकाला दिली. समीक्षेला निष्कर्ष द्यावा लागतो; रोजनिशीला शंका घेऊन थांबता येते. ही मोकळीक हा या लेखनाचा पहिला आनंद होय.

दुसरा आनंद याहून खोल आहे, आणि तोच या पुस्तकाचा विशेष आहे. मुक्तिबोधांना एकट्याने विचार करता येत नाही. विचार करावयाचा तर समोर मित्र हवा. ‘तीसरा क्षण’ हा या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध लेख. कलानिर्मितीचे तीन क्षण त्यात सांगितले आहेत. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला. तो अनुभव आपल्या ठसठसणाऱ्या मुळांपासून सुटून एका कल्पसृष्टीचे रूप घेतो, तो दुसरा. त्या कल्पसृष्टीला शब्दरूप देण्याची प्रक्रिया सुरू होऊन पूर्णतेला जाते, तो तिसरा. हिंदी समीक्षेत हा सिद्धांत मुक्तिबोधांचा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु लेखात तो प्रथम केशव नावाच्या मित्राच्या तोंडून येतो. या मित्राबरोबर निवेदक तरुणपणी रानावनांतून, डोंगरांवरून भटकलेला आहे. केशवविषयी त्याच्या मनात ओढ आहे तशी थोडी अढीही आहे. आपला सर्वांत मौलिक विचार लेखकाने दुसऱ्याच्या पदरात का घालावा? नम्रता हे त्याचे उत्तर नव्हे. विचार मित्राच्या तोंडी घातला की त्यावर शंका घेता येते, त्याला अडवता येते, त्याची फोड मागता येते. स्वतःचा विचार परका करून तपासण्याची ही रीत आहे. तिसऱ्या क्षणी शब्द अनुभवाला बदलतात, असे हा लेख सांगतो. आणि लेखाचा घाटही तेच दाखवितो, कारण केशव व निवेदक यांच्या बोलण्यात मूळचा सिद्धांत हळूहळू बदलत, दाट होत जातो. सिद्धांत आणि आविष्कार यांची अशी एकरूपता समीक्षालेखनात क्वचितच आढळते.

मराठीतील लघुनिबंधाशी या गद्याची तुलना केली असता त्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ना. सी. फडके यांनी आपल्या अशा लेखनाला ‘गुजगोष्टी’ हे नाव दिले. त्या नावातच वाचकाशी असलेल्या नात्याची कल्पना आहे. वाचक हा जवळचा, विश्वासातला. त्याच्या कानाशी लागून आपल्या आवडीनिवडी सांगावयाच्या आणि त्याने हसून मान डोलवावयाची. या मैत्रीत गोडवा आहे, त्या गोडव्याचे मोल कमी नाही. पण या मैत्रीतला मित्र सहसा भांडत नाही. तो लेखकाच्या ‘मी’ला ऊब देतो, आव्हान देत नाही. मुक्तिबोधांच्या रोजनिशीतला मित्र उलट विचारतो, टोचून बोलतो, कधी रुसून निघून जातो. त्याच्या जाण्याने निवेदक अस्वस्थ होतो आणि त्या अस्वस्थतेतून पुढचा विचार सुचतो. गुजगोष्टीत ‘मी’ खुलतो. येथे ‘मी’ची झडती होते.

दुसरे उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचे. धारवाडसारख्या सीमाभागातल्या गावी इंग्रजीचे अध्यापन करीत राहिलेल्या या कथाकाराने सभासंमेलने टाळली, परंतु पत्रे मात्र मनःपूर्वक लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर (१९८७) ही पत्रे ग्रंथरूपाने आली, आणि सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली. केंद्रापासून दूर राहणारा अध्यापक-लेखक आणि लेखनातून जोडलेली मैत्री, हे साम्य लक्षणीय आहे. फरक एवढाच की जी. ए. एका वेळी एकाच मित्राला लिहितात. त्यांचे पत्र छापले जाणे हा नंतरचा योग. मुक्तिबोध मात्र ठाऊक असूनच अनोळखी वाचकांसमोर मित्राशी बोलतात. मासिक हाती घेणारा वाचक त्या खोलीतला तिसरा माणूस ठरतो. त्याला कोणी संबोधत नाही, पण त्याच्यासाठी जागा ठेवलेली असते. बाजू कोणाची घ्यावी हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते.

आता आरंभीच्या प्रामाणिकपणाच्या प्रश्नाकडे येता येईल. ‘कलाकार की व्यक्तिगत ईमानदारी’ या दोन भागांतील लेखात मुक्तिबोधांनी तो स्वतःच उपस्थित केला आहे. भावना जशी आणि जेवढी मनात उठली, तशी आणि तेवढीच व्यक्त करणे म्हणजे प्रामाणिकपणा, हे मत तेथे मांडले जाते. आत्मपर लेखन करणारा प्रत्येक जण मनातून हेच मानीत असतो. पण संवादातून त्या मताचा अपुरेपणा उघड होतो. भावना खरी असूनही तिच्यामागची समजूत चुकीची असू शकते. आपला राग खरा आहे, पण तो योग्य माणसावर आहे काय? आपले दुःख खरे आहे, पण त्याचे कारण आपण नीट जाणले आहे काय? म्हणून वस्तुस्थितीच्या ज्ञानाने भावनेची पारख करणे हा प्रामाणिकपणाचाच भाग ठरतो. हे मान्य केले की रोजनिशीत मित्र का हवा, याचा उलगडा होतो. एकट्या माणसाला आपली भावना खरी आहे एवढेच कळते. ती बरोबर आहे की नाही हे कळावयास दुसरा लागतो. मैत्री ही येथे सत्यशोधनाची अट होऊन येते.

या लेखनाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मित्र अनेक असले तरी त्यांचे आवाज पुष्कळदा एकसारखे वाटतात. वाद रंगात आला की सगळेच जण मुक्तिबोधांच्या संज्ञाप्रचुर, वळणावळणाच्या वाक्यांत बोलू लागतात, आणि हा खरोखर संवाद की दोन भागांत वाटलेले स्वगत, असा संशय येतो. काही ठिकाणी विचार एवढा अमूर्त होतो की रस्ता, चहा, संध्याकाळ हे तपशील केवळ नेपथ्य म्हणून उरतात. स्त्रियांना या मैत्रीच्या वर्तुळात फारशी जागा नाही. मित्राच्या पत्नीचा प्रश्न एका लेखाच्या शीर्षकात येतो, पण एकूण पुस्तकात बोलणारे बहुधा पुरुषच आहेत. तरीही संशयाचा तो मुद्दा पूर्णतः दोषाचा नाही. ज्याला जवळ बोलावयास कोणी नाही, तो मित्राचा आवाज स्वतःच निर्माण करतो. त्या एकसुरीपणात त्या काळच्या एकाकी बुद्धिजीवी माणसाची स्थितीही ऐकू येते.

आणि मुक्तिबोधांना कल्पित मित्रांवरच भागवावे लागले असे नाही. शुजालपूरला अध्यापक असताना जुळलेली नेमिचंद्र जैन यांची मैत्री आयुष्यभर टिकली. ‘तार सप्तक’ (१९४३) मध्ये दोघेही होते. त्यांचा १९४२ पासूनचा पत्रव्यवहार पुढे ‘पाया पत्र तुम्हारा’ या ग्रंथात आला. परसाईंनी सदराला जागा दिली. श्रीकांत वर्मा यांनी रोजनिशीचे पुस्तक होण्यासाठी खटपट केली. १९६४ च्या आरंभी मुक्तिबोधांना पक्षाघात झाला. भोपाळ आणि मग दिल्ली येथे उपचार झाले, त्यांतही लेखकमित्रांचा मोठा वाटा होता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यानंतर आला. त्याची प्रस्तावना शमशेर बहादुर सिंह यांची. १९८० मध्ये सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ प्रसिद्ध झाली, तिचे संपादक नेमिचंद्र जैन. ज्या लेखकाने प्रत्येक विचारात मित्राला बोलावून घेतले, त्याचे लेखन मित्रांच्याच हातांनी आपल्यापर्यंत पोहोचले आहे. हा योगायोग मानणे अवघड आहे. लेखनात जो दुसऱ्यासाठी जागा ठेवतो, त्याच्यासाठी इतरही जागा ठेवतात.

स्वतःविषयी लिहिणे आणि ते लगोलग चार लोकांपुढे ठेवणे आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. लिहिणारे वाढले आहेत, मान डोलविणारेही वाढले आहेत. अशा वेळी ‘एक साहित्यिक की डायरी’ पुन्हा वाचण्याचे प्रयोजन वाढते. आत्मपर लेखनाचे सुख आत्मप्रकटनात आहे हे ती नाकारीत नाही. ते सुख टिकावयाचे तर समोर न पटणारे बोलणारा मित्र हवा, एवढे ती सांगते. राजनांदगावला त्या जुन्या राजवाड्याजवळ आता मुक्तिबोधांचे स्मारक आहे. दुर्ग, भिलाई, उतईकडचा विद्यार्थी तेथे सहज जाऊन येऊ शकतो. त्याने जाताना सोबत एखादा मित्र न्यावा, आणि शक्यतो ज्याच्याशी आपले फारसे पटत नाही असा. परतीच्या वाटेवर दोघांत जे बोलणे होईल, ते या पुस्तकाचे खरे वाचन ठरेल.