निर्णय कोणाचा आणि केव्हा?

जून २०११ मध्ये इंदूर शहराविषयी एका इंग्रजी दैनिकाने खळबळजनक वृत्त छापले. पुत्राच्या हव्यासापायी पालक आपल्या मुलींवर शस्त्रक्रिया करवून त्यांना मुलगे बनवीत आहेत, असा त्याचा आशय होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने याची दखल घेतली. बालशल्यचिकित्सकांनी उत्तर दिले की, निरोगी मुलीचा मुलगा करता येत नाही. शस्त्रक्रिया होतात त्या जननेंद्रियांची रचना जन्मतः संदिग्ध असलेल्या बालकांवर. हे उत्तर वैद्यकदृष्ट्या योग्यच होते. परंतु भोपाळच्या अवधपुरीतून आपल्याच प्रांतातील त्या वादाकडे मागे वळून पाहताना आम्हांस वाटते की, खरा प्रश्न तेथेच सुरू व्हावयास हवा होता. जेथे मुलगा हवाच असतो, तेथे अशा आंतरलिंगी बालकाचे लिंग ठरवावयाचे कोणी आणि केव्हा?

या प्रश्नास रोमच्या दोन दस्तऐवजांनी स्पर्श केला आहे. कॅथलिक शिक्षणविषयक मंडळाच्या २०१९ च्या दस्तऐवजानुसार, लिंग स्पष्ट नसल्यास पालकांनी किंवा समाजाने स्वेच्छेने निवड करू नये. वैद्यकाने केवळ उपचाराच्या हेतूने आणि शरीरास कमीत कमी इजा होईल अशा रीतीने हस्तक्षेप करावा. पालकांच्या इच्छेस घातलेला हा लगाम आम्हांस मोलाचा वाटतो. मात्र येथे निर्णय पालकांच्या हातून काढून वैद्याच्या हाती दिला आहे. ज्याचे शरीर, त्या बालकाचा शब्द कोठेच ऐकू येत नाही. श्रद्धासिद्धांतविषयक विभागाच्या २०२४ च्या घोषणापत्रात लिंगबदलास विरोध करतानाच एक अपवाद नोंदविला आहे: जननेंद्रियांत विकृती असलेली व्यक्ती वैद्यकीय साहाय्य निवडू शकते. निवडणारी ती व्यक्ती आहे, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. तान्हे बालक निवड करू शकत नाही. म्हणून दोन्ही दस्तऐवज एकत्र वाचले असता, जे थांबू शकते ते थांबवावे, हाच निष्कर्ष आम्हांस सुसंगत वाटतो.

सर्वच थांबू शकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात शरीरातील मीठ वाहून जाते आणि पहिल्या काही आठवड्यांतच बालक दगावू शकते. तेथे औषधास एक दिवसाचाही विलंब नको. मूत्रमार्ग अडला असल्यास शस्त्रक्रियाही तातडीची ठरते. परंतु अवयव 'नेहमीसारखा' दिसावा एवढ्यासाठीच केलेली शस्त्रक्रिया बालकाच्या नव्हे, तर पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी असते. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हाच भेद केला. जीवितास धोका असल्याखेरीज अशा अर्भकांवर लिंगनिश्चितीची शस्त्रक्रिया होऊ नये, असे तमिळनाडू शासनास सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये सात वर्षांच्या एका बालकाच्या पालकांनी शस्त्रक्रियेची अनुमती मागितली असता, बालकाच्या संमतीविना ती देण्यास केरळ उच्च न्यायालयानेही नकार दिला.

न्यायालयांस जे उमगले ते आपल्या प्रवचनांत क्वचितच येते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील नर व नारी हे शब्द आपण मोजपट्टीसारखे वापरतो. मत्तय १९:१२ मध्ये आईच्या उदरातूनच तसे जन्मलेल्यांचा प्रभूने केलेला उल्लेख मात्र घाईने ओलांडतो. तेथे प्रभू त्यांना दोष देत नाही, की बरे करण्याचे आश्वासनही देत नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी 'पाप कोणाचे?' असा प्रश्न केला, तेव्हा त्याने तो प्रश्नच नाकारला, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो.

पालक धर्मगुरूकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येतात ते बहुधा भयाने: नातेवाइकांना काय सांगावे, नाव काय ठेवावे, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत काय लिहावे? वैद्यकीय सल्ला देणे हे आपले काम नव्हे. परंतु तातडी कशाची आहे आणि कशाची नाही, हे डॉक्टरांस विचारण्याचे धैर्य आपण त्यांना देऊ शकतो. बाप्तिस्मा कोणत्याही शस्त्रक्रियेची वाट पाहत नाही, हेही सांगू शकतो. नोंदवहीतील एक रकाना काही काळ रिकामा राहिला तर मंडळीचे काही बिघडत नाही; बालकाच्या देहावर घाईने केलेली खूण मात्र आयुष्यभर पुसत नाही.