अडकित्ता की दाभण?

डोंबिवलीत ‘कटिंग’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. टपरीवर म्हटलं तर अर्धा चहा, रविवारी सकाळी म्हटलं तर केस. आणि ‘पंचिंग’ म्हणजे हापिसातलं हजेरीचं कार्ड, ज्याच्यापायी आपण जन्मभर फास्ट लोकलला लोंबकळलो. चिरूट ओढण्यापूर्वी त्याचं कटिंग करावं की पंचिंग, हा प्रश्न आमच्या बिल्डिंगीत निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण ठाण्याच्या जावयांनी दुबईहून येताना दोन चिरूट आणले, आणि त्यावर निकाल देण्याची पाळी माझ्यावर आली. मला साध्या सुपारीचंही व्यसन नाही. पण नाटकावर कोण लिहितात? ज्यांनी एकही नाटक लिहिलेलं नाही तेच ना?

तर या चिरुटाचं एक टोक उघडं असतं आणि दुसऱ्यावर तंबाखूच्याच पानाची गोल टोपी डिंकाने चिकटवलेली असते. मला टोपी घालणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. टोपी घातलेला चिरूट पहिल्यांदाच पाहिला. ती उघडल्याशिवाय धूर तोंडात येत नाही. आपल्या विडीला ही भानगड नाही. जुन्या त्रिचनापल्लीच्या चिरुटालाही नव्हती. तो दोन्हीकडून कापलेलाच मिळे. ‘चिरूट’ हा शब्दच मुळी तमिळ ‘शुरुट्टु’वरून आला, म्हणजे गुंडाळी. शेरलॉक होम्सने आपल्या पहिल्याच कादंबरीत (१८८७) नुसत्या राखेवरून खुनी त्रिचनापल्ली ओढत होता हे ओळखलं. टोपीवरून ओळखायची सोयच नव्हती!

बैठक गच्चीवर भरली. स्टेशनात ओढावा तर २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदी. घरात ओढावा तर तिथली बंदी त्याहून जुनी. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, निवृत्त शिक्षक, कापण्याच्या बाजूचे. कल्याणला तिकीट तपासनीस असलेले नाना भोकाच्या बाजूचे. ज्याने तीस वर्षं लोकांच्या तिकिटांना भोकं पाडली त्याला दुसरं काय सुचणार? त्यांनी पोती शिवायचा दाभण आणला होता. अण्णांनी खिशातून काढला तो पितळी अडकित्ता. वहिनींचा. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो पानाच्या डब्यात तसाच होता. मी म्हटलं, “अण्णा, कशाला? सुरी देतो की.”

“राहू द्या हो. गंजतोय नुसता.”

पण बिजागरीला तेल दिलेलं मला दिसलं.

कापण्याचा नियम असा, की टोपीचा फक्त माथा उडवायचा, फार तर दोन मिलिमीटर. खांद्याखाली पातं गेलं की वरचं पान सुटतं. अण्णांच्या डोक्यात सुपारी. कचकन अर्धं पेर उडालं. तरीही सांगतो, पहिली पाच मिनिटं त्या चिरुटाला तोड नव्हती. धूर सढळ येत होता, गार येत होता. (हा धूर गिळायचा नसतो. अण्णांनी गिळला, तो ठसका तळमजल्यापर्यंत गेला.) मग मात्र पान सुटायला लागलं, लग्नघरातल्या घाईत बांधलेल्या फेट्यासारखं.

इकडे नाना गाल आत ओढून ओढून थकले. खरं पंच हे गोल पात्याचं असतं, ते तंबाखूची चकती काढून घेतं. दाभण ती नुसती आत ढकलतो. बारीक भोकाशी काळा चिकटा जमला, तोंड कडू झालं. नाना म्हणाले, “चर्चिलसुद्धा काडीनेच भोक पाडायचा!” पाडत असेल. त्याची काडी लांब होती आणि सवयही. शिवाय निमुळत्या टोकाच्या चिरुटाला पंच चालतच नाही, तिथे कापायलाच लागतं. पण नानांनी दाभण फिरवून फिरवून भोक वाटाण्याएवढं केलं, आणि गाडी सुटली!

तेव्हा चवीचे गुण कापण्याला. तरी मी निकाल भोकाला दिला. लहान पडलेलं भोक मोठं करता येतं. उडवलेलं अर्धं पेर परत बसवता येत नाही. अण्णांना हे मुळीच पटलं नाही. “मास्तरकीत मी असला निकाल कधी दिला नाही,” असं म्हणून ते सुटलेलं पान थुंकीने चिकटवत बसले. शेवटी नानांनीच दाभणात ओवलेला दोरा तोडून त्या चिरुटाला विडीसारखा गुंडाळून दिला.

अंधार पडल्यावर खाली उतरताना अण्णांनी अडकित्त्याचं पातं सदऱ्याच्या टोकाने पुसलं. नाकाशी धरून वास घेतला, पुन्हा पुसलं.

“आज ती असती तर मला घरात घेतलं नसतं.”

“आमच्याकडे या की मग,” नाना म्हणाले. “नाहीतरी मलाही आत घेणार नाहीत. दोघे जिन्यात बसू.”