मातीचे कुत्रे आणि चित्रकाराची नजर

दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका शहरात एका जुन्या स्पॅनिश घाटणीच्या वाड्यात एक लहानसे संग्रहालय आहे. कोलंबस अमेरिकेला पोहोचण्यापूर्वी मेक्सिकोतील लोकांनी घडविलेल्या कलावस्तू तेथे मांडल्या आहेत. रुफिनो तामायो (१८९९–१९९१) या थोर चित्रकाराने त्या वर्षानुवर्षे जमविल्या आणि आपल्या जन्मगावाला अर्पण केल्या. संग्रहालय १९७४ साली उघडले. असल्या वस्तू चोरवाटांनी परदेशी जात होत्या; त्या मायभूमीतच राहाव्यात, हा त्याचा हेतू.

मेक्सिको शहरात १९६४ साली उघडलेले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय अवाढव्य आहे. तेथे ज्ञान पुष्कळ मिळते, पण पाय आणि डोळे दोन्ही थकतात. तामायोची तऱ्हा निराळी. त्याने दालनांना रंग दिले: एक गुलाबी, एक निळे, एक जांभळट. त्या रंगांवर प्रत्येक वस्तू एखाद्या चित्रासारखी उठून दिसते. वेराक्रूझकडच्या हसऱ्या मूर्ती, नायारितची माणसांनी गजबजलेली मातीची घरे, कोलिमाचे गुबगुबीत तांबडे कुत्रे! आधी पाहा, इतिहास मागाहून विचारा, असेच जणू हा यजमान आपल्याला सांगतो. ज्यांना जग केवळ जुनी खापरे समजत होते, त्यांना त्याने कलाकृतीचा मान दिला. हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु रसिकाने येथेच थांबू नये. ते गोजिरवाणे कुत्रे दिवाणखान्यासाठी घडविलेले नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम मेक्सिकोत विहिरीसारखे खोल भुयार खणून तळाशी मृतांसाठी खोल्या कोरीत; तेथे हे कुत्रे सोबतीला ठेवीत. मृताला परलोकीची नदी कुत्रा पार करून नेतो, अशी श्रद्धा पुढे अझ्टेक लोकांतही होती. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढणारा कुत्रा आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

दुःखाची गोष्ट अशी की, या थडग्यांपैकी बहुतेक लुटारूंनी उपसली. कुत्रा वाचला, पण तो कोणाचा सोबती होता हे कायमचे पुसले गेले. हालिस्को प्रांतात उइत्सिलापा येथे १९९३ साली न लुटलेले एक थडगे संशोधकांच्या हाती आले. त्यात सहा माणसांचे सांगाडे होते. हाडांतील एका जन्मजात दोषावरून त्यांतील बहुतेक एकाच घराण्यातील असावेत, असे दिसून आले. एक कुटुंबच तेथे विसावले होते! लुटलेल्या वस्तूला असे काही सांगता येत नाही. मग ती कितीही सुंदर असो.

तामायोच्या मांडणीतील उणीव हीच. त्याच्या गुलाबी प्रकाशात आकार खुलतो, पण थडग्यातला अंधार दिसत नाही. याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वस्तू त्याच्यापर्यंत येण्याआधीच त्यांची कुळकथा हरवली होती. त्याने जे वाचविता येण्याजोगे होते ते वाचविले, आणि उघड्या दाराने सर्वांपुढे ठेवले. उरलेले काम पाहणाऱ्याचे आहे. त्या कुत्र्याच्या घाटाचे मनसोक्त कौतुक करावे. आणि मग क्षणभर, ज्याची सोबत सुटून तो या दालनात एकटा उभा आहे, त्या अनाम माणसाचीही आठवण करावी. तेवढ्याने ते पाहणे पुरे होते.