चुकलेल्या सुराचे काय करायचे? : जॅझच्या शाळांविषयी

जॅझच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली बहुतेकांना ‘व्हिपलॅश’ हा चित्रपट आठवतो. डेमियन शझेलच्या या २०१४ सालच्या चित्रपटात न्यूयॉर्कमधले एक काल्पनिक संगीत महाविद्यालय आहे. तेथे ड्रम्स शिकणारा अँड्र्यू हा कोवळा तरुण आहे आणि विद्यार्थ्याच्या दिशेने खुर्ची भिरकावणारा फ्लेचर हा शिक्षक आहे. फ्लेचरच्या भूमिकेसाठी जे. के. सिमन्स यांना ऑस्कर मिळाले. चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले, पण ती चर्चा मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : इतका छळ करून कलावंत घडतो का? हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शिक्षकाच्या क्रौर्यापेक्षा चित्रपटातली शिक्षणाची कल्पना अधिक तपासण्यासारखी आहे.

त्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे. तालमीत कोणीतरी बेसूर वाजवत असल्याचे फ्लेचर सांगतो आणि एका ट्रॉम्बोनवादक मुलासमोर जाऊन उभा राहतो. तू बेसूर आहेस की नाहीस, असे तो विचारतो. मुलगा घाबरून ‘हो’ म्हणतो आणि फ्लेचर त्याला वर्गाबाहेर काढतो. मग तो इतरांना सांगतो, की बेसूर दुसराच होता. पण याला स्वतःचे कळले नाही, तेही तितकेच वाईट. प्रश्न कानाचा आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्या भीतीपोटी मुलाने आपल्या कानावरचा विश्वास सोडला, ती त्याच शिक्षकाने निर्माण केलेली आहे. चुकलेला सूर शोधून काढायचा आणि वाजवणाऱ्याला हाकलायचे, एवढेच या वर्गाचे अध्यापनशास्त्र आहे.

हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहताना मी त्याचे काही भाग डोळे मिटून ऐकले. कानावर पडले ते मोठ्या बँडसाठी लिहून ठेवलेले संगीत. सुरू होणारे, मध्येच थांबवले जाणारे, पुन्हा सुरू होणारे. शेवटचे ड्रम्सवादन सोडले तर उपज जवळजवळ नाहीच. एकाने काही वाजवावे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, असे क्वचितच घडते. ज्या रचनेवरून चित्रपटाला नाव मिळाले ती हँक लेव्ही यांची. डॉन एलिसच्या बँडने ती १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित केली होती आणि लेव्ही स्वतः मेरीलँडमधल्या टॉसन येथील महाविद्यालयात जॅझ शिकवत. खुद्द शझेल शाळेत असताना स्पर्धांत उतरणाऱ्या बँडमध्ये ड्रम्स वाजवत होता. तेव्हा चित्रपटातले चित्र अतिरंजित असले तरी हवेतून आलेले नाही. स्पर्धेसाठी तयार केलेला, नोटेशन बिनचूक वाजवणारा बँड ही अमेरिकेतल्या जॅझ शिक्षणाची एक खरी बाजू आहे.

फ्लेचर आपल्या वागण्याच्या समर्थनार्थ चार्ली पार्करचा दाखला देतो. जो जोन्सने त्याच्या डोक्याच्या रोखाने झांज फेकली, म्हणून तो पार्कर झाला, असे त्याचे म्हणणे. मूळ हकीकत १९३६ सालच्या कॅन्सस सिटीतली आहे. रेनो क्लबमध्ये वाजवताना कोवळ्या वयाचा पार्कर भरकटला, तेव्हा जोन्सने झांज त्याच्या पायाशी टाकली. जमिनीवर आदळलेल्या झांजेने त्याला थांबायला सांगितले आणि लोक हसले. अपमान झाला हे खरे, पण पार्कर त्या अपमानातून शिकला नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओझार्क भागातल्या एका ठिकाणी त्याला बँडमध्ये काम मिळाले. तेथे त्याने लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याचे वादन तुकड्यातुकड्याने बसवले आणि सोबतच्या जाणत्या वादकांकडून कॉर्ड्सची समज घेतली. त्याला मोकळा वेळ, ऐकण्यासाठी एक आदर्श आणि शेजारी बसून सांगणारी माणसे मिळाली. दंतकथेत झांज उरली आणि उन्हाळा गळाला.

कडक शिक्षक मुळीच नकोत, असा याचा अर्थ नव्हे. शिकागोच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, ड्यूसेबल हायस्कूल ही साधी सरकारी शाळा होती. तेथे कॅप्टन वॉल्टर डायेट यांनी १९३५ पासून जवळजवळ पाव शतक बँड शिकवला. त्यांच्या हाताखालून जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन, जॉन गिलमोर हे सॅक्सोफोनवादक आणि रिचर्ड डेव्हिस हा बासवादक बाहेर पडले. शाळा सुटल्यावर काही दिवसांतच, १७ व्या वर्षी, ग्रिफिन लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर दौऱ्यावर गेला. विद्यार्थ्यांच्या आठवणींत डायेट यांचा धाक आणि त्यांचा तीक्ष्ण कान दोन्ही येतात. वाद्यांसाठी पैसे उभे करायला ते दरवर्षी मुलांकडून ‘हाय जिंक्स’ नावाचा रंगमंचीय कार्यक्रम बसवून घेत.

पण यादीतली नावे एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. अ‍ॅमन्सचा भरदार, गाण्यासारखा टेनर. ग्रिफिनची विजेसारखी तान. फ्रीमनचा मुद्दाम कडेने जाणारा सूर. सन रा यांच्याबरोबर भलत्याच प्रदेशात गेलेला गिलमोर. एकाच शिक्षकाचे हे चार विद्यार्थी एकमेकांसारखे वाजत नाहीत. शाळेने त्यांना वाचन, शिस्त, वाद्यावरची हुकमत आणि मंचाची सवय दिली. बाकीचे शिक्षण शाळेबाहेर, ४७ व्या रस्त्याच्या आसपासच्या क्लबांत आणि नृत्यगृहांत चालू होते. या दोन शिक्षणांची विभागणी कोणी कागदावर केली नव्हती, पण ती नीट बसली होती.

पुढे ही विभागणी मोडली आणि माझ्या मते आजच्या जॅझ शाळांची खरी अडचण तेथेच सुरू होते. लॉरेन्स बर्क यांनी १९४५ मध्ये बॉस्टनला काढलेली शाळा पुढे बर्कली म्हणून जगभर नावाजली. नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयाने १९४७ मध्ये या संगीताचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा ‘जॅझ’ हा शब्द प्रतिष्ठित नसल्यामुळे त्याला ‘डान्स बँड’ असे नाव दिले. प्रतिष्ठा हळूहळू मिळाली, वर्ग वाढले. आणि त्याच काळात ज्या क्लबांत मुले रात्री जाऊन शिकत ते कमी होत गेले. रस्त्याने करायचे कामही आता शाळेवर येऊन पडले. फी न घेणाऱ्या वस्तीतल्या शाळेऐवजी मोठी फी घेणारे महाविद्यालय हा मुख्य मार्ग झाला, हा बदलही लहान नाही.

शाळेने हे काम साधनांनी करून पाहिले. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून अशा ध्वनिमुद्रिका काढल्या, की ज्यांत पियानो, बास, ड्रम्सची साथ असते आणि मुख्य वादकाची जागा मोकळी असते. खेड्यातल्या मुलालाही उत्तम साथीबरोबर सराव करता येऊ लागला. पण ती साथ मुलाचे ऐकत नाही. त्याने काहीही वाजवले तरी ती ठरल्यासारखीच पुढे जाते. दुसरे साधन म्हणजे ‘रिअल बुक’. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी प्रचलित रचनांची चाल आणि कॉर्ड्स उतरवून ही वही तयार केली. बेकायदा प्रतींच्या रूपाने ती सर्वत्र पोचली. अधिकृत आवृत्ती निघायला २००४ साल उजाडले. तिच्यात ऐकण्यातल्या चुका होत्या. त्या चुका इतक्या जणांनी पाठ केल्या, की कित्येक मैफलींत त्याच प्रमाण ठरल्या. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला त्या सापडल्या असत्या. वही वाचणाऱ्याला सापडणे शक्य नव्हते.

या साधनांवर माझा राग नाही. पण दोन्हींत चुकलेल्या सुराला उत्तर मिळत नाही, आणि जॅझमध्ये ते उत्तरच शिक्षण असते. हर्बी हॅनकॉक यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. साठच्या दशकात, स्टुटगार्टच्या मैफलीत, माइल्स डेव्हिस यांच्या वादनाच्या ऐन मध्यात हॅनकॉकने पियानोवर साफ चुकीची कॉर्ड वाजवली. डेव्हिस क्षणभर थांबले आणि त्यांनी असे सूर लावले, की ती कॉर्ड बरोबर ठरली. हॅनकॉक म्हणतात, की आपण त्या कॉर्डला चूक मानले. माइल्सने ती नुसती घडलेली गोष्ट मानली.

हे वर्गात करता येते का? मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स येथे १९५७ ते १९६० या काळात ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची जॅझ शाळा भरत असे. जॉन लुईस तिचे संचालक होते. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट करून प्रत्येक गट एका नामवंत वादकाकडे सोपवला जाई. १९५९ मध्ये पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन ऑर्नेट कोलमन तेथे विद्यार्थी म्हणून आला. बरोबर डॉन चेरी होता. कोलमनचे सूर रूढ अर्थाने सुरात नव्हते, कॉर्ड्सचा क्रम तो पाळत नव्हता. अध्यापकांत उघड मतभेद झाले. काहींना तो बेसूर वाटला, तर लुईस आणि गुंथर शुलर यांच्यासारख्यांना नवे काही ऐकू आले. त्याला बाहेर काढले नाही. समारोपाच्या मैफलीत त्याच्या रचना वाजल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमध्ये तो उभा राहिला आणि जॅझचा पुढचा रस्ता बदलला. शाळेने त्याला घडवले असे मी म्हणणार नाही. शाळेत वाद होऊ शकला, एवढेच तिचे श्रेय, आणि ते थोडे नाही.

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांनी बंदिशी छापून खुल्या केल्या, आणि ‘पुस्तकावरून गवई होतो काय?’ हा प्रश्न तेव्हापासून आपल्यात आहे. त्याचे एक उत्तर मुंबईतल्या प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत सापडते. कुमार गंधर्व लहानपणी तेथे शिकले. त्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा असे आणि मुलांच्या कानावर अनेक वाटा पडत. गोव्यातले उदाहरण तर थेट जॅझचे आहे. चर्चच्या पारिश शाळांत मुले सोल्फेज आणि व्हायोलिन शिकली; जॅझ तेथे कोणी शिकवत नव्हते. मुंबईला आल्यावर ताजमध्ये वाजवणाऱ्या लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या आफ्रिकी-अमेरिकी वादकांकडून आणि ध्वनिमुद्रिकांतून त्यांनी ते उचलले. हळदोण्याचा चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक त्याच पिढीतला, सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ‘स्विंग’ ज्यांच्यामुळे आला त्यांत तो अग्रभागी होता. शिकागोप्रमाणेच येथेही शाळेने हात तयार केला आणि कान बाहेर तयार झाला.

आज बाहेरचे दार अरुंद झाले आहे, म्हणून शाळेचे मूल्यमापन करताना तिच्या बँडने किती बक्षिसे मिळवली हे मी विचारणार नाही. चार मुलांचे वादन एकमेकांपासून वेगळे ओळखू येते का? मुले वहीच्या आधी ध्वनिमुद्रिका ऐकतात का? मुरलेला वादक वर्गात येऊन मुलांबरोबर वाजवतो, की नुसता भाषण देऊन जातो? आणि एखादा सूर चुकला तर बाकीचे थांबतात, की त्याला घेऊन पुढे जातात? या प्रश्नांना धाक किंवा प्रेमळपणा यांपैकी कशानेच परस्पर उत्तर मिळत नाही. डायेट कडक होते. लुईस, म्हणतात, सौम्य.

फ्लेचरने हाकललेला तो ट्रॉम्बोनवादक मुलगा चित्रपटात पुन्हा महत्त्वाचा होत नाही. प्रेक्षकही त्याला विसरतात. मला मात्र तोच जॅझ शिक्षणाचा खरा विषय वाटतो. आपण सुरात आहोत की नाही हे त्याला कळत नव्हते आणि शाळेत तो तेच शिकायला आला होता. शिक्षकाने त्याला एवढेच सांगायला हवे होते : तोच सूर पुन्हा लाव, लांबव, आणि शेजारच्याचे ऐक.